चुना, लाजवर्द आणि नवस: फ्लॉरेन्स ते सानसेपोल्क्रो

पंधराव्या शतकातलं इटालियन धर्मचित्र शक्य तिथे मूळ जागीच पाहावं, या आग्रहातून ही सात दिवसांची आखणी झाली आहे. वेदीमागची खिडकी कुठल्या बाजूला आहे, चित्रासमोर गुडघे कोण टेकत होतं, पैसे कोणी मोजले आणि कशापायी, हे त्या जागेवर उभं राहिलं की कळायला लागतं. पाच दिवस फ्लॉरेन्स, मग आग्नेयेला अरेत्सो, मोंतेर्की आणि सानसेपोल्क्रो. रोम मुद्दाम वगळलं. एवढ्या दिवसांत तेही कोंबलं तर हाती काहीच लागत नाही.

निघण्याआधी तीन ठिकाणची वेळ ऑनलाइन राखून ठेवा: उफ्फीत्सी संग्रहालय, ब्रांकाच्ची चॅपल (चॅपल म्हणजे चर्चमधलं छोटं प्रार्थनादालन, बहुधा एखाद्या कुटुंबाचं) आणि अरेत्सोचं सान फ्रांचेस्को चर्च. सोबत लहान दुर्बीण हवीच, कारण अर्धी चित्रं डोक्यापासून आठ-दहा मीटर उंचीवर आहेत. खिशात एक-दोन युरोची बरीच सुटी नाणी ठेवा. अनेक चर्चमध्ये पेटीत नाणं टाकल्यावरच चॅपलचा दिवा लागतो आणि थोड्याच वेळात विझतो. खांदे झाकायला ओढणी किंवा पातळ शर्ट घ्या. लहान चर्च दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती चारनंतरच उघडतात, त्यामुळे चर्च सकाळी आणि संग्रहालयं दुपारी हा क्रम सोयीचा पडतो. एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. डिसेंबरात गर्दी कमी असते, पण प्रकाश लवकर जातो आणि भित्तिचित्रांना प्रकाशाशिवाय गत्यंतर नाही.

पहिला दिवस: उफ्फीत्सी, सुरुवातीची दालनं

उफ्फीत्सी सोमवारी बंद असते. सकाळची पहिली वेळ घ्या आणि बॉत्तिचेल्लीच्या दालनाकडे धावणाऱ्या गर्दीला पुढे जाऊ द्या. सुरुवातीच्याच एका दालनात तीन प्रचंड फळ्या उभ्या आहेत: चिमाबुए, दुच्चो आणि जॉत्तो. तिन्हींवर विषय तोच, सिंहासनावर मरिया, मांडीवर बाळ येशू, भोवती देवदूत. काळातलं अंतर साधारण एका पिढीचं.

दुच्चोची फळी साडेचार मीटर उंच आहे. तिचा १५ एप्रिल १२८५ चा करार टिकून आहे. चित्र मागवलं ते लाउदेसी नावाच्या गृहस्थांच्या मंडळाने. हे लोक संध्याकाळी सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये जमून मरियेची स्तोत्रं गात, आपल्याकडच्या भजनी मंडळासारखं. मोबदला १५० लिरा, सोनं आणि रंग चित्रकाराच्या पदरचे, आणि चित्र मंडळाला पसंत पडलं नाही तर ते घेण्याचं बंधन नाही. पुढचे सगळे दिवस हे डोक्यात असू द्या. या काळातलं जवळजवळ प्रत्येक धर्मचित्र कोणीतरी अटी घालून मागवलेलं आहे.

आता तिन्ही चित्रांत मरियेचे गुडघे पाहा. चिमाबुएच्या आणि दुच्चोच्या वस्त्रावर घड्यांची सुंदर नक्षी आहे, पण आतलं शरीर जाणवत नाही. जॉत्तोच्या चित्रात गुडघा कापडाला आतून ताण देतो आणि मरियेचं वजन सिंहासनावर पडतं. चिमाबुएचे देवदूत एकावर एक रचलेले आहेत. जॉत्तोने सिंहासनाच्या बाजूच्या झरोक्यांतून पलीकडचे चेहरे दाखवले आहेत. एकामागे एक उभं राहिल्यावर मागचा माणूस अर्धा झाकला जातो, ही गोष्ट चित्रात आली ती इथे.

ही फळी तयार कशी व्हायची? चित्रकार चेन्निनो चेन्निनीने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात ते पायरीपायरीने दिलं आहे. पॉपलरच्या वाळवलेल्या फळ्या जोडायच्या, त्यावर सरस फिरवायचा, सांधे हलून भेगा पडू नयेत म्हणून जुनं लिननचं कापड चिकटवायचं. मग जिप्सम आणि सरस यांचे थर, आधी जाड, मग बारीक, शेवटी खरवडून हस्तिदंतासारखे गुळगुळीत. जिथे सोनं लागणार तिथे अंड्याच्या पांढऱ्यात कालवलेली लाल माती, तिच्यावर वर्ख. वर्ख घोटायला गुळगुळीत दगड किंवा कुत्र्याचा सुळा. एका सोन्याच्या नाण्यातून शंभरच वर्ख काढावेत, १४५ काढले तर ते फार पातळ होतात, असं चेन्निनी बजावतो. जुन्या फळ्यांवर सोन्याखालून लालसर रंग डोकावतो ती हीच माती, वर्ख झिजल्यावर उघडी पडलेली.

रंग अंड्याच्या बलकात कालवलेले. तरुण चेहऱ्यासाठी शहरातल्या कोंबडीचं फिकट बलक, म्हाताऱ्या किंवा सावळ्या चेहऱ्यासाठी खेड्यातल्या कोंबडीचं लालसर, इतका बारकावा त्यात आहे. कातडीच्या रंगाखाली हिरव्या मातीचा थर द्यायची रीत होती. शतकानुशतकांच्या घासपुशीत वरचा गुलाबी थर उडाला की चेहरे हिरवे, आजारी दिसायला लागतात. कित्येक मरियांचा चेहरा हिरवट का, याचं उत्तर हे.

बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या पूर्वेकडच्या राजांचं जेंतिले दा फाब्रियानोचं चित्र (१४२३) सोडू नका. ते मागवलं पाल्ला स्त्रोत्सी या धनाढ्य सावकाराने, आणि चित्रात त्याचा पैसा लपत नाही. मुकुट, घोड्यांचा साज, रिकिबी इथे आधी जिप्समचा उंचवटा करून त्यावर सोनं चढवलं आहे. दुर्बीण न लावता बाजूने तिरकं पाहिलं की तो उठाव दिसतो. शेवटी लिओनार्दोचं त्याच विषयावरचं अपुरं चित्र पाहून दिवस संपवा. सान दोनातो मठासाठी १४८१ साली घेतलेलं ते काम तो मिलानला गेल्याने तसंच राहिलं. रेखाटन आणि तपकिरी छटा उघड्या असल्याने वरचे रंग कशावर उभे राहतात ते तिथे समजतं.

दुसरा दिवस: सांता मारिया नोव्हेल्ला

रेल्वे स्थानकासमोरच डॉमिनिकन संघाचं हे चर्च आहे. शुक्रवारी उशिरा उघडतं, रविवारी दुपारनंतर. आज विषय फळीचा नाही, भिंतीचा.

खऱ्या भित्तिचित्राची कृती अशी. भिंतीवर जाड गिलावा, आरिच्चो. चेन्निनीचं प्रमाण दोन भाग वाळूला एक भाग चुना. त्यावर लाल मातीने रेखाटन, सिनोपिया. मग रोज सकाळी त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढ्याच भागावर काही मिलिमीटर जाडीचा बारीक गिलावा, इंतोनाको. ओल्या चुन्यावर पाण्यात कालवलेला रंग लावला की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि रंगाचे कण त्या कवचात अडकतात. चिकटवायला सरस नको, अंडं नको. पण वेळ काही तासांचाच. संध्याकाळी न रंगवलेला गिलावा कडेला तिरका कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जायचं. एका दिवसाच्या या तुकड्याला जोर्नाता म्हणतात. काम वरून खाली, म्हणजे ओघळ पूर्ण झालेल्या भागावर येत नाहीत. वाळल्यावर रंग फिकट होतो, म्हणून कालच्या निळ्याशी आजचा निळा जुळवणं हे सगळ्यात अवघड. आकाशात अचानक छटा बदललेली दिसली तर तिथे दोन दिवसांची शिवण आहे.

चुन्याला सगळे रंग मानवत नाहीत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती उत्तम. शिशाचा पांढरा काळा पडतो, म्हणून पांढऱ्यासाठी चुनाच. अझुराइट आणि लाजवर्द या दगडांपासून केलेले निळे रंग कोरड्या भिंतीवर सरस किंवा अंड्यातून लावावे लागत, आणि तेच आधी गळून पडतात.

डाव्या भिंतीवर मसाच्चोचं ‘त्रैक्य’, १४२५ ते १४२७ च्या दरम्यानचं. क्रूसावर येशू, मागे पिता, बाजूला मरिया आणि योहान, सगळे एका कमानदार दालनात. ते दालन सपाट भिंतीवर रंगवलेलं आहे. छताच्या चौकटींच्या रेषा ओल्या गिलाव्यात दोरी ताणून दाबल्या आहेत आणि त्या सगळ्या क्रूसाच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीजवळ एकत्र येतात. फार जवळ गेलात तर दालन मोडतं, मध्यावर थोडं मागे उभं राहिलं की खोली उघडते. पैसे देणारं जोडपं कमानीच्या बाहेर, पवित्र जागेच्या एक पायरी खाली गुडघे टेकून आहे. त्याखाली सांगाडा आणि त्याच्यावर इटालियन ओळ: तुम्ही आहात तो मी होतो, मी आहे ते तुम्ही व्हाल. १५७० मध्ये चित्रकार आणि वास्तुकार वाझारीने यापुढे नवी वेदी उभी केली आणि चित्र तीन शतकं झाकलं गेलं. १८६० मध्ये सापडलं तेव्हा वरचा भाग काढून प्रवेशाच्या भिंतीवर नेला. सांगाडा मूळ जागीच राहिला होता, दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले ते १९५२ मध्ये. झीज आणि तुटकेपणा दिसतो तो या हलवाहलवीमुळे.

मुख्य वेदीमागे गिर्लांदायोचं तोर्नाबुओनी चॅपल. १ सप्टेंबर १४८५ चा करार, काम १४९० मध्ये पूर्ण. कुठलंही दृश्य सुरू करण्याआधी रेखाटन मालकाला दाखवायची अट होती. मरियेच्या जन्माच्या दृश्यात बाळंतिणीच्या खोलीत येणारी सोनेरी वस्त्रातली मुलगी म्हणजे जोव्हान्नी तोर्नाबुओनीची लेक लुदोव्हिका. पवित्र कथा फ्लॉरेन्सच्या श्रीमंत घरात घडते आहे, आणि घरची मंडळी साक्षीला उभी आहेत. याला निव्वळ बढाई समजणं अन्यायाचं होईल. आपल्या आत्म्यासाठी कायम प्रार्थना होत राहावी आणि प्रार्थना करणाऱ्यासमोर आपला चेहरा असावा, हा त्यातला खरा हेतू होता.

तिसरा दिवस: सान मार्को, सांत’अपोल्लोनिया, इनोचेंती

तिन्ही ठिकाणं पायी दहा मिनिटांच्या आत आहेत. सान मार्को दुपारी लवकर बंद होतं, म्हणून दार उघडतानाच आत शिरा. सुट्टीचे दिवस आदल्या दिवशी तपासा, ते बदलत असतात.

शहराची सूत्रं हाती असलेला सावकार कोझिमो दे मेदिची याने हा मठ मिकेलोत्सो या वास्तुकाराकडून नव्याने बांधून घेतला. व्याजाच्या कमाईचं ओझं मनावर असल्याने पोप चौथ्या यूजीनने त्याला दहा हजार फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी) इथे खर्च करायला सुचवलं, असं त्याच्या चरित्रकाराने नोंदवलं आहे. व्याज हे चर्चच्या लेखी पाप, आणि शहराचा सारा व्यवहार व्याजावर. फ्लॉरेन्समधल्या अर्ध्या चॅपलांचं मूळ या पेचात आहे.

जिना चढताना वळणावर वर नजर टाका. पायऱ्यांच्या टोकाला फ्रा आंजेलिकोचा ‘शुभसंदेश’ आहे, येशूच्या जन्माची बातमी आणणारा देवदूत गब्रिएल आणि मरिया, दोघांचेही हात छातीवर. खालच्या पट्टीवर लॅटिनमध्ये सूचना आहे की कुमारिकेच्या या प्रतिमेसमोरून जाताना ‘आवे’ म्हणायला चुकू नका. म्हणजे हे चित्र रोज जाता-येता प्रार्थना म्हणायची जागा होतं. देवदूताच्या पंखांत चमकणारे कण मिसळले आहेत. दोन पावलं डावीउजवीकडे सरकलं की ते लुकलुकतात, छायाचित्रात कधीच येत नाही.

मग भिक्षूंच्या खोल्या, चाळीसहून जास्त. प्रत्येकीत एक लहान खिडकी आणि एक चित्र. तिसऱ्या खोलीतला शुभसंदेश जिन्याजवळच्या चित्राशी ताडून पाहा: इथे बाग नाही, नक्षीदार खांब नाहीत, पांढरी भिंत आणि दोनच माणसं, शिवाय एका कडेला संत पीटर मार्टर हा डॉमिनिकन भिक्षू प्रार्थना करताना. चित्रातला भिक्षू खोलीतल्या भिक्षूला ध्यान कसं करावं ते दाखवतो. सातव्या खोलीत येशूची विटंबना: डोळे बांधलेला येशू, आणि भोवती फक्त हात, काठी आणि थुंकणारं एक डोकं, धडं नाहीतच. खाली संत डॉमिनिक पुस्तक उघडून बसला आहे, त्याची नजरही वर नाही. जे मनात पाहायचं त्याची तेवढीच खूण भिंतीवर केली आहे. या शतकात याहून धीट चित्र आमच्या मते दुसरं नाही.

रंगांकडेही लक्ष द्या. सामान्य खोल्यांत बहुतेक स्वस्त मातीचे रंग आहेत. कोझिमोच्या स्वतःच्या खोल्यांत, ३८ आणि ३९ मध्ये, निळा एकदम वाढतो. तळमजल्यावर सभागृहात मोठं क्रूसचित्र आहे, त्याचं आकाश करडं-लालसर दिसतं. तो संध्याप्रकाश नव्हे. अझुराइटखाली लावलेला लालसर थर तेवढा उरला आहे, वरचा निळा गळून गेला.

इथून सांत’अपोल्लोनियाच्या जुन्या मठात जा, प्रवेश विनामूल्य, सकाळीच उघडं. जोगिणींच्या भोजनगृहात आंद्रेआ देल कास्तान्योचं ‘शेवटचं भोजन’, १४४७. येशूच्या जेवणाचं चित्र खऱ्या जेवणघरात, म्हणजे मुकाट्याने जेवणाऱ्यांच्या समोर. येशूला दगा देणारा शिष्य यहूदा एकटा मेजाच्या अलीकडे. येशू, पेत्र आणि यहूदा यांच्या डोक्यावरचा संगमरवराचा चौकोन मात्र इतरांसारखा शांत नाही, त्याच्या शिरा ज्वाळेसारख्या उसळतात. मठ बंदिस्त असल्याने हे चित्र एकोणिसाव्या शतकापर्यंत बाहेर जवळपास अज्ञात होतं. वरची तीन दृश्यं भिंतीपासून सोडवली तेव्हा खालची सिनोपिया हाती लागली, ती त्याच दालनात मांडली आहे. आदल्या दिवशी वाचलेली कृती इथे डोळ्यांनी पडताळता येते.

दुपारी अनाथ बालकांचं जुनं इस्पितळ, इनोचेंती. वरच्या संग्रहालयात गिर्लांदायोचं पूर्वेकडच्या राजांचं चित्र (१४८८). त्याचा २३ ऑक्टोबर १४८५ चा करार म्हणजे पंधराव्या शतकातल्या चित्रव्यवहाराचा आरसा. ११५ मोठे फ्लोरिन, तेही इस्पितळाच्या प्रमुखाला काम तेवढ्या किमतीचं वाटलं तर. महिन्याला तीन फ्लोरिन हप्ता. तीस महिन्यांत काम पूर्ण, नाहीतर १५ फ्लोरिन दंड. आणि निळा लाजवर्दाचाच, औंसाला साधारण चार फ्लोरिनच्या दर्जाचा.

ही अट का, ते रंगाची कृती पाहिली की कळतं. लाजवर्द आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. नुसता कुटला तर राखाडी पूड मिळते, कारण दगडात कॅल्साइट आणि पायराइट मिसळलेलं असतं. चेन्निनी सांगतो: एक पौंड पुडीला सहा औंस पाइनची राळ, तीन औंस मस्तकी, तीन औंस नवं मेण. वितळवून गोळा करायचा आणि किमान तीन दिवस, तीन रात्री ठेवून रोज तिंबायचा. मग राखेच्या कोमट क्षारपाण्यात दाबायचा. निळे कण पाण्यात उतरतात, मळ गोळ्यात राहतो. पहिल्या पाण्याचा निळा सर्वांत गडद आणि महाग, शेवटच्या पाण्याला फक्त राखेची छटा. म्हणून करारात नुसतं ‘निळा’ लिहून भागत नसे, किंमत लिहावी लागे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या लेण्यांतही निळ्यासाठी लाजवर्दच आहे. तिथे तो भुसा-गवत घातलेल्या मातीच्या वाळलेल्या गिलाव्यावर सरसातून लावला आहे, ओल्या चुन्यावर नाही.

चित्रात पुढे दोन लहान मुलं आहेत, अंगावर जखमा, डोक्यामागे तेजोवलय. बाळ येशूला संपवण्यासाठी राजा हेरोदाने मारलेली बालकं. मागे डोंगराखाली ती कत्तल चालू आहे. हे चित्र टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या घराच्या वेदीवर होतं, हे माहीत असलं की त्या दोघांवरून नजर लवकर हलत नाही.

चौथा दिवस: नदीपलीकडे

सांता मारिया देल कारमिनेचं ब्रांकाच्ची चॅपल. वाट चर्चच्या आतून नाही, शेजारच्या ओवरीतून आहे. अर्ध्या तासाची पाळी असते आणि ती काटेकोर पाळतात, म्हणून काय पाहायचं ते आधी ठरवा.

वरच्या ओळीत उजवीकडे मासोलिनोचे आदाम-हव्वा झाडाखाली, सभ्य आणि निवांत. समोरच्या खांबावर मसाच्चोचे बागेतून हाकललेले आदाम-हव्वा. तिचं तोंड रडताना उघडलेलं, त्याने चेहरा झाकलेला. चार पावलांत दोन युगं. मोठ्या ‘कराचं नाणं’ या दृश्यात येशूचा शिष्य पेत्र तीनदा येतो: मध्ये येशूचं ऐकताना, डावीकडे माशाच्या तोंडातून नाणं काढताना, उजवीकडे ते वसुली करणाऱ्याला देताना. चित्रातला उजेड उजवीकडून पडतो, कारण चॅपलची खरी खिडकीही त्याच बाजूला आहे. फ्लॉरेन्समध्ये प्रत्येक घराची मालमत्ता मोजणारा कातास्तो हा कर १४२७ चा, म्हणजे याच वर्षांतला.

मसाच्चो १४२८ मध्ये रोममध्ये वारला, वय जेमतेम २६-२७. मालक फेलिचे ब्रांकाच्ची हा पाल्ला स्त्रोत्सीचा जावई. १४३४ मध्ये कोझिमो मेदिची हद्दपारीतून परतल्यावर त्याचा विरोधक असलेल्या सासऱ्याला हद्दपारी झाली, पाठोपाठ जावयालाही, आणि ब्रांकाच्ची कुटुंबाचे चेहरे भिंतीवरून खरवडले गेले. उरलेलं काम फिलिप्पिनो लिप्पीने १४८०च्या दशकात पूर्ण केलं. १७७१ च्या आगीने सगळ्यावर काजळी चढली. १९८०च्या दशकातल्या सफाईत ती गेली, शिवाय आदाम-हव्वांवर नंतर रंगवलेली पानंही निघाली. वेदीमागे झाकले गेलेले काही तुकडे आगीच्या काजळीतून वाचले होते. मूळ रंग किती लख्ख होते याचा पुरावा तेच.

परतताना पोंते व्हेक्कियो पुलाजवळ सांता फेलिचिता चर्च. क्रूसावरून उतरवलेल्या येशूचं पोंतोर्मोने केलेलं वेदीचित्र, १५२५ ते १५२८. नाणं टाका, गुलाबी आणि निळ्याचा तो लोट पाहा. क्रूस नाही, शिडी नाही, जमीनही नीट नाही. मसाच्चोने कमावलेली स्थिरता शंभर वर्षांनी जाणूनबुजून सोडलेली.

पाचवा दिवस: सांता त्रिनिता, सांता क्रोचे, सान लोरेंत्सो

सकाळी सांता त्रिनितात सास्सेत्ती चॅपल. फ्रांचेस्को सास्सेत्ती मेदिची पेढीचा व्यवस्थापक. त्याला सांता मारिया नोव्हेल्लात आपल्या नावाच्या संताची, फ्रान्सिसची कथा रंगवून घ्यायची होती. डॉमिनिकनांनी आपल्या चर्चमध्ये दुसऱ्या संघाच्या संस्थापकाला जागा दिली नाही, म्हणून तो इकडे आला. खिडकीतून पडून मेलेल्या मुलाला संत जिवंत करतो ते दृश्य याच चर्चबाहेरच्या चौकात घडतं. सास्सेत्तीचा थोरला मुलगा तेओदोरो १४७९ च्या सुमारास वारला आणि त्यानंतर झालेल्या मुलाला त्याने तेच नाव दिलं, हे कळलं की या चमत्काराची निवड वेगळी दिसते. दिव्याचं यंत्र चॅपलजवळच आहे.

सांता क्रोचेत वेदीच्या उजवीकडे जॉत्तोची दोन चॅपलं शेजारी शेजारी. बार्दी चॅपल ओल्या गिलाव्यावर, म्हणून रंग टिकलेले. फ्रान्सिसच्या मृत्यूच्या दृश्यात मधे जे कोरे आकार दिसतात ते नंतर भिंतीत बसवलेल्या थडग्यांच्या जागा. पेरुत्सी चॅपल बरंचसं कोरड्यावर, म्हणून भुतासारखं फिकट. चित्रकार तोच, इमारत तीच, फरक पद्धतीचा. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात इथे पाणी आणि तेलकट चिखल शिरला. चिमाबुएच्या क्रूसाचा साधारण ६० टक्के रंग गेला. आज त्यावरच्या उणिवा बारीक रेषांच्या तटस्थ छटांनी भरल्या आहेत, खोटं चित्र रंगवून लपवलेल्या नाहीत. जवळून रेषा दिसतात, लांबून डोळा ओलांडून जातो. दुरुस्तीचा हा प्रामाणिक मार्ग आहे.

वेळ उरला तर सान लोरेंत्सोमागचं मेदिचींचं दफनघर. रंगीत दगड कापून बसवण्याची कला इथे कळसाला गेली आहे. गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरचं शव ज्या चौथऱ्यावर आहे तो याच परंपरेतला: तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याची भेट, शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी, १६९८ मध्ये गोव्यात उभारलेला. गोव्यात तो पाहिलेला असेल तर इथली दगडजडण लगेच ओळखीची वाटेल.

सहावा दिवस: अरेत्सो

सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकावरून प्रादेशिक गाडीने साधारण सव्वा ते दीड तास. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड होतो.

सान फ्रांचेस्को चर्चचं मुख्य चॅपल बाच्ची कुटुंबाचं. बिच्ची दी लोरेंत्सोने छत रंगवलं आणि १४५२ मध्ये तो वारला. पुढचं काम पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं, १४६० च्या दशकापर्यंत चाललेलं. विषय खऱ्या क्रूसाची, म्हणजे येशूच्या क्रूसाच्या लाकडाची दंतकथा. पाळी अर्ध्या तासाची, आणि इथे बहुतेकांची फसगत होते ती क्रमामुळे, कारण कथा वरून खाली सरळ जात नाही. उजव्या भिंतीच्या शिखरावर आदामाचा मृत्यू, त्याच्या तोंडात रोवलेल्या फांदीचं झाड होतं. खाली शेबाची राणी त्या लाकडापुढे गुडघे टेकते. मागच्या भिंतीवर उजवीकडे मध्ये ते लाकूड पुरलं जातं, खाली डावीकडे शुभसंदेश, उजवीकडे सम्राट कॉन्स्टंटाइनचं स्वप्न. मग उजव्या भिंतीवर खाली त्याचा रक्तहीन विजय, डाव्या भिंतीवर मध्ये कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिला सापडलेला क्रूस, खाली सम्राट हेराक्लियसची इराणच्या राजा खुस्रोशी लढाई आणि सगळ्यात वर क्रूसाचं जेरुसलेमला परतणं. दोन लढाया समोरासमोर, दोन राण्या समोरासमोर. पिएरोने काळापेक्षा तोल महत्त्वाचा मानला.

विजयी कॉन्स्टंटाइनच्या डोक्यावरची टोकदार टोपी बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनची आहे. तो १४३८-३९ मध्ये चर्चच्या महासभेसाठी फेर्रारा आणि फ्लॉरेन्सला आला होता. १४५३ मध्ये त्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडली, तेव्हा हे काम चालू होतं किंवा नुकतंच सुरू होत होतं. क्रूस परत मिळवण्याची कथा त्या वर्षांत ताजी बातमी होती.

स्वप्नाचं दृश्य रात्रीचं आहे. डावीकडे वरून देवदूत झेप घेतो आणि सगळा उजेड त्याच्यापासून तंबूवर, पहारेकऱ्यांच्या पाठीवर पडतो. पिएरो संथ काम करायचा. गिलावा लवकर वाळू नये म्हणून तो ओली फडकी लावून ठेवी, काही ठिकाणी कापडाचे ठसे गिलाव्यात उमटले आहेत. बराच भाग त्याने कोरड्यावर पूर्ण केला आणि नेमका तोच अधिक गेला. त्यात भर भिंतीतल्या ओलीची आणि पूर्वीच्या दुरुस्तीत भरलेल्या सिमेंटची. सिमेंटमधल्या सल्फेटने चुन्याचं जिप्सम होऊन पृष्ठभाग भुसभुशीत झाला, तो सावरणारं मोठं काम २००० साली संपलं.

वर कथेड्रलमध्ये पिएरोचीच संत मग्दालेना आहे, विनामूल्य. चढ आहे, पण जा.

सातवा दिवस: मोंतेर्की आणि सानसेपोल्क्रो

अरेत्सोहून सानसेपोल्क्रोला बसने साधारण तास लागतो, मोंतेर्की वाटेवर. रविवारी बस फार कमी, म्हणून हा दिवस आठवड्याच्या मध्ये ठेवा, किंवा गाडी भाड्याने घ्या.

मोंतेर्कीत एकच चित्र पाहायचं: ‘प्रसूतीची मरिया’. गरोदर मरिया, उभी, निळ्या वस्त्राची पुढची शिवण उसवलेली आणि हात पोटावर. दोन देवदूत तंबूचा पडदा बाजूला धरतात. दोघे एकाच कागदी आराखड्यावरून काढले आहेत, एक सरळ, एक उलटा, आणि हिरवा-लाल यांची अदलाबदल. पूर्ण चित्र सात जोर्नातांच्या आत झालं आहे, आणि निळा लाजवर्दाचा. मूळ जागा गावाबाहेरचं एक चर्च, पुढे दफनभूमीचं चॅपल झालेलं. १९९३ पासून चित्र जुन्या शाळेत काचेमागे आहे. जतनासाठी ते बरं झालं, पण संग्रहालयात आणल्याने वेदी हरवली, आणि या चित्राला वेदीची गरज इतरांहून जास्त होती. पंचक्रोशीतल्या गरोदर बायका सुखरूप सुटकेसाठी इथे येत आल्या आहेत. आजही गरोदर स्त्रियांना तिकीट नाही.

सानसेपोल्क्रो पिएरोचं जन्मगाव, तो इथेच १४९२ मध्ये वारला. गावाचं नावच पवित्र थडग्यावरून आहे. जेरुसलेमहून अवशेष आणणाऱ्या दोन यात्रेकरूंनी ते वसवलं अशी आख्यायिका. म्हणून गावच्या कारभाराच्या इमारतीत, जिथे पंच बसत, तिथे त्याने १४६० च्या दशकात ‘पुनरुत्थान’ रंगवलं. आज ती इमारत नगर संग्रहालय आहे. थडग्यावर पाय ठेवून येशू उठतो, खाली चार पहारेकरी झोपलेले. पहारेकरी आणि थडगं खालून पाहिल्यासारखे आहेत, येशूचा चेहरा मात्र थेट समोर. दृष्टिकोन एकाच चित्रात बदलला आहे, आणि म्हणूनच तो आपल्याकडे रोखून पाहतो असं वाटतं. डावीकडची झाडं निष्पर्ण, उजवीकडची पालवलेली. भाला धरलेल्या शिपायाचे पाय शोधा, सापडणार नाहीत. रचनेला जागा हवी होती म्हणून गणिताचा ग्रंथकार असलेल्या पिएरोने शरीररचना बाजूला ठेवली.

शेजारीच ‘करुणेच्या मरिये’ची बहुफलकी वेदी. गावातल्या एका धर्मादाय मंडळाशी १४४५ चा करार, १५० फ्लोरिन, मुदत तीन वर्षं, आणि पिएरोखेरीज कोणीही कुंचला धरू नये अशी अट. काम रखडलं सतराएक वर्षं, आणि बाजूच्या लहान फलकांवर दुसरा हात दिसतोच. पार्श्वभूमी सोनेरी आहे, कारण मंडळाला तशीच हवी होती. पण त्या सपाट सोन्यापुढे मरिया खांबासारखी भरीव उभी आहे आणि तिच्या पसरलेल्या झग्याखाली आठ माणसांना खरोखर जागा झाली आहे. त्यांतल्या एकाच्या चेहऱ्यावर काळा बुरखा आहे. दान करताना ओळख पटू नये म्हणून मंडळाचे सदस्य तो घालत.

इथलंच आणखी एक पिएरोचं चित्र, ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’, १८६१ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लंडनमधल्या मराठी मंडळींना ते तिकिटाशिवाय पाहता येतं. सानसेपोल्क्रोहून परतल्यावर पाहिलं तर त्यातली नदी आणि मागच्या टेकड्या वरच्या तिबेर खोऱ्यातल्याच आहेत, हे लगेच लक्षात येईल. इथून अरेत्सोची शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते. थांब्यावरची वेळ सकाळी उतरतानाच टिपून ठेवा.